भोंग्याच्या तोंडातलं पाणी

पिशव्या शिवण्याच्या कारखान्यात काचेच्या केबिनबाहेर गर्दी लोटली होती. आत मॅनेजर दोन्ही गाल टम्म फुगवून बसला होता आणि बाहेर माणसं हात जोडून त्या गालांचं दर्शन घेत होती. गालांत घोटबाबांचं मंतरलेलं पाणी होतं.

"गिळलं तर नाही ना त्यांनी?" मागून कुणीतरी विचारलं.

"छे! डावा गाल बघ, आज जरा जास्तच तेजस्वी आहे," कापड कापणारा कटिंगवाला म्हणाला.

समोरच दवाखाना चालवणारी डॉक्टरीणबाई गर्दीतून वाट काढत पिशव्यांना काजं करणाऱ्या मावशीपाशी पोचली. मावशीला जुना दमा. औषध न्यायची वेळ उलटून गेली तरी ती फिरकली नव्हती.

"मावशी, पंप कुठाय तुमचा?"

"बाबांच्या पोत्यात. सगळ्यांनीच औषधं टाकली. श्रद्धेत भेसळ नको म्हणाले."

डॉक्टरीणबाईनं डोक्याला हात लावला.

त्याचं असं झालं होतं. या कारखान्यात आजारपण हटतच नसे. कुणाला सर्दी, कुणाच्या ओठावर फोड, कुणाचं तोंड आलेलं. असाच एके दिवशी हा बाबा दारात आला आणि हात उंचावून म्हणाला, "हे चराचरात भरलेल्या..."

"कोण रे तू? चल, बाहेर हो!" मॅनेजर गरजला. सगळ्या यंत्रांच्या वर त्याचा आवाज चढे, म्हणून कारखान्यात त्याला भोंगाच म्हणत.

बाबानं पुन्हा सुरुवात केली. भोंगा पुन्हा वाजला. मंत्र काही पुरा होईना. शेवटी घायकुतीला येऊन बाबानं कमंडलू पुढे केला. "सगळ्यात मोठ्या खुर्चीवर बसणाऱ्यानं याचा घोट तोंडात धरावा. कामाच्या वेळात गिळू नये, सांडू नये. सर्वांची पीडा जाईल."

मॅनेजरचं स्वतःचं तोंड फोडांनी भरलं होतं. त्यानं घोट घेतला. आणि काय आश्चर्य, हळूहळू सर्द्या ओसरल्या, ओठ बरे झाले! संध्याकाळी मॅनेजर ते पाणी काचेच्या बरणीत थुंकत असे, तेव्हा ते गढूळ झालेलं असे. बाबा बरणी उजेडात धरून म्हणे, "पाहा, रोग उतरला!"

"अहो, ती थुंकी आहे," हे सगळं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाली.

"थुंकी नव्हे बाई, निचरा," कटिंगवाल्यानं तिला समजावलं.

पण माणसं खरोखरच बरी झाली होती, हे तिलाही दिसत होतं. दिसतं ते नाकारायचं कसं? ती मावशीशेजारी स्टुलावर बसून बघत राहिली. एका बाईची शिवण चुकली. मॅनेजर तरातरा बाहेर आला, बोट नाचवलं, गाल थरथरवले आणि आत गेला. बाई हसली, शिवण उसवून पुन्हा शिवू लागली. कुणीतरी गाणं गुणगुणत होतं.

डॉक्टरीणबाईच्या मनात काहीतरी चमकलं.

तेवढ्यात बाबाला लोभ सुटला. एका घोटाचे पैसे ते किती? त्यानं जाहीर केलं, "मॅनेजरसाहेबांचं व्रत पुरं झालं. आता घरोघरी बाटली. प्रत्येकानं प्यावं."

भोंगा मोकळा झाला. इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर पडलं. "ही शिवण आहे की गांडूळ? घरी जायचंय का कायमचं?" माणसं बाटल्यांवर बाटल्या रिचवू लागली आणि तरी काही दिवसांतच ओठांवर फोड उठले, शिंका सुरू झाल्या.

"शुभलक्षण! रोग बाहेर पडतोय," बाबा म्हणाला.

"म्हणजे रोग गेला तरी पाण्यामुळे, आला तरी पाण्यामुळेच," कटिंगवाला भाबडेपणानं म्हणाला. "पाणी हरतच नाही म्हणायचं."

आणि एका दुपारी मावशीचा श्वास अडकला. ओठ निळसर पडले, हातातली पिशवी गळून पडली. कुणीतरी तिच्या तोंडाला बाटली लावू लागलं. डॉक्टरीणबाई धावत आली, तिनं बाटली बाजूला सारली, दवाखान्यातला पंप दिला, पाठीवर हात ठेवून बसली. बऱ्याच वेळानं मावशीला नीट श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईनं एक बाटली आणली आणि सगळ्यांच्या संमतीनं मॅनेजरला पुन्हा घोट धरायला लावला. कारखाना शांत झाला. काही आठवड्यांत दुखणीही पुन्हा ओसरली. बाबा छाती फुगवून म्हणाला, "माझ्या पाण्याचा प्रताप!"

"हे माझ्या दवाखान्याच्या नळाचं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"नळातही माझाच अंश," बाबा म्हणाला.

"मग बाटली विकत कशाला घ्यायची?" कटिंगवाल्यानं विचारलं. बाबानं पोतं उचललं, पण मावशीचा हात आधीच पोत्यात गेला होता. तिनं आपला पंप काढून घेतला.

डॉक्टरीणबाई लहान मुलांना सांगावं तसं सांगू लागली. "आपल्या शरीरात रोगांशी लढणाऱ्या पेशी असतात, राखणदारच म्हणा. भीती वाटली की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. ती घटकाभर वाजली तर बिघडत नाही. पण रोजच वाजली, झोप उडाली, तर राखणदार ढिले पडतात. मग ओठात दबा धरून बसलेला विषाणू डोकं वर काढतो, सर्दी लवकर पकडते. पाण्यात काही नव्हतं. पाण्यामुळे तोंड बंद होतं, एवढंच."

"आणि माझा दमा?" मावशीनं विचारलं.

"धसक्यानं वाढू शकतो. पण नुसतं शांत राहून जात नाही. पंप तो पंपच."

मॅनेजरनं घोट मोरीत थुंकला. "म्हणजे रोग मीच?"

"नाही हो. तुम्ही फक्त राखणदारांना झोपू देत नव्हता. तुमच्या तरी तोंडाला फोड का येतात?"

इतक्यात केबिनमधला फोन खणाणला. मॅनेजरनं उचलला आणि पलीकडून मालकाची अशी गर्जना झाली, की ती शेवटच्या यंत्रापर्यंत ऐकू आली. मॅनेजरनं फोन कानापासून लांब धरला. मग त्याला वर्षानुवर्षं दिसलं नव्हतं ते दिसलं. केबिनच्या उंबऱ्याबाहेरची सगळी माणसं आपापल्या जागी खांदे आक्रसून उभी होती, आणि तो स्वतःही.

"विचार करा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली. "दिसलं म्हणून मानू नका. कशामुळे झालं ते विचारा, आणि तपासून बघा."

मॅनेजरनं फोन कानाला लावला आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "साहेब, एक विनंती आहे. आधी एक घोट पाणी तोंडात घ्या. नळाचं चालेल."