भरली गाडी कुरकुरत नाही

मित्रांनो, मी एक जुना बॉल जॉइंट आहे. बॉल जॉइंट म्हणजे काय, असे विचारणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे आणि कधीच न विचारणाऱ्यांचा त्याहून जास्त. तरीही सांगतो. तुमच्या खुब्यात एक गोल हाड एका वाटीत बसलेले असते. त्यामुळे पाय पुढे जातो, मागे येतो, बाजूला वळतो आणि तरीही अंगापासून सुटत नाही. मोटारीच्या पुढच्या चाकासाठी तेच काम मी करतो. खड्ड्यात चाक खाली-वर होते, स्टिअरिंग फिरवले की वळते, आणि हे सगळे करूनही ते गाडीला धरून राहते. पोलादाचा एक गोळा, त्याला बसायला एक वाटी, दोघांच्या मध्ये ग्रीस आणि धूळ आत येऊ नये म्हणून रबराची एक टोपी. एवढाच माझा संसार. तो तुमच्या मुठीत मावेल.

लालबुंद तापलेल्या सळईचा तुकडा साच्यात दाबून मला घडवले. मग माझा गोळा इतका घासला की त्यात तोंड दिसावे. कारखान्यातल्या तपासणीस बाईने मला मापात घालून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "हा छान झालाय." माझ्या आयुष्यातली शाबासकी एवढीच. चांगल्या बॉल जॉइंटचे पुढे कोणी कौतुक करत नाही, कारण तो चांगला असेपर्यंत तो आहे हेच कोणाला माहीत नसते.

माझ्याबरोबर त्याच घाण्यात घडलेला माझा जुळा भाऊ होता. आम्ही दोघे एकाच खोक्यातून डोंगरातल्या तफ्राऊत गावाला आलो आणि एकाच दिवशी इद्दर नावाच्या चालकाच्या मोठ्या टॅक्सीला लागलो. मी उजव्या चाकापाशी, तो डाव्या, कारण आमच्याकडे चालक डावीकडे बसतो म्हणून चालकाच्या बाजूच्या. गाडी जुनी, डिझेलवर चालणारी, अंगाने दांडगी. इद्दर तिला लल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणत असे. रोज सकाळी तो तिची काच पुसायचा, टपावरची धूळ झटकायचा, आरशाला टांगलेला निळा मणी सरळ करायचा. खाली वाकून मात्र त्याने कधी पाहिले नाही. सगळा जिव्हाळा गुडघ्याच्या वर.

आमच्याकडे मोठी टॅक्सी वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. चालकाशेजारी दोघे आणि मागे चौघे असे सहा उतारू झाले की बिस्मिल्ला म्हणायचे आणि केर्दूसचा घाट उतरून तिझ्नित शहराला जायचे. पाच झाले आणि सहावा येत नसेल, तर पाचही जण उन्हात बसून सहाव्याची वाट पाहतात. तेवढ्यात कोणी पाय मोकळे करायला उतरला, तर मागच्या टॅक्सीवाला त्याला गोड बोलून आपल्याकडे ओढतो. म्हणून एकदा बसलेल्या माणसाला उतरू द्यायचे नाही, हा टॅक्सीतळावरचा पहिला धडा. माझे सगळे हाल या धड्यापायी झाले.

एकदा लग्नाचे वऱ्हाड पोचवताना इद्दरने जवळची वाट म्हणून गाडी कोरड्या ओढ्यात घातली. एका धारदार दगडाने माझी टोपी फाटली. बोटभर चीर, जास्त नाही. पण त्या चिरेतून ग्रीस बाहेर ओघळले आणि बारीक वाळू आत आली. वाळू आणि ग्रीस यांचे मिश्रण म्हणजे पॉलिश कागदच. प्रत्येक वळणावर माझा गोळा थोडा झिजत गेला, वाटी थोडी मोठी होत गेली. त्या वेळी कोणी खाली वाकून पाहिले असते तर फाटलेली टोपी दिसली असती, आणि ही हकीकत तिथेच संपली असती.

मी गप्प राहिलो नाही. माझी बाजू मांडताना हे मला स्पष्ट नोंदवायचे आहे. मी खडखडलो. स्टिअरिंग उजवीकडे ओढले. उजव्या टायरची आतली कड खाऊन टाकली. आणखी काय करायला हवे होते? खडखडाट झाला तर इद्दरने रेडिओ मोठा केला. स्टिअरिंग ओढू लागले तर तो म्हणाला, रस्ताच तिकडे उतरता आहे. टायरची कड गेली तर त्याने उजवा टायर डावीकडे लावला आणि डावा उजवीकडे, आणि खूश झाला.

पण त्याची खरी चूक वेगळीच होती, आणि ती टॅक्सीवालाच करू जाणे. गाडी भरलेली असली की वजन माझ्या गोळ्याला वाटीत घट्ट दाबून धरते. मग मी कितीही झिजलेलो असलो तरी हलायला जागा नसते, आणि जागा नाही तर आवाजही नाही. गाडी रिकामी असली की खड्ड्यातून उसळताना दाब सुटतो, गोळा वाटीतून किंचित उचलला जातो आणि खट्‌कन परत आपटतो. म्हणजे मी भरल्या गाडीत गप्प आणि रिकाम्या गाडीत बोलका. याचा अर्थ इद्दरने काय लावावा? तो तळावर सगळ्यांना सांगू लागला, "आमची लल्ला रिकाम्या पोटी कुरकुरते. सहा माणसं पोटात गेली की कशी शहाण्यासारखी चालते बघा." लोक हसायचे. हळूहळू सगळ्या तळाला ते पटले. उपाशी बाईसुद्धा कुरकुरते, मग टॅक्सी का नाही?

त्या गाडीत मला समजणारी एकच व्यक्ती होती, यामना मावशी. आठवड्याच्या बाजाराला ती अर्गनच्या बियांच्या तेलाचे डबे घेऊन तिझ्नितला जायची. अंगाने काटकुळी, पण मांडीला मांडी लावून बसणे तिला आवडत नसे, म्हणून ती पुढच्या दोन्ही जागा एकटीच घ्यायची. त्यामुळे माझ्या डोक्यावर एका माणसाचे वजन कमी पडायचे आणि घाटातल्या खड्ड्यांत मला थोडे तरी बोलता यायचे. माझे बोलणे थेट तिच्या तळव्यांना जायचे.

"इद्दर, माझ्या पायाखाली कुणीतरी दार ठोठावतंय," ती एकदा म्हणाली.

"मावशी, तुम्ही दोघांच्या जागेत एकट्या बसता. लल्लाला वाटतं, एक जण मागे राहिलाय. त्याला हाका मारते ती."

मागचे चौघे खो खो हसले. मावशी हसली नाही. हाका मारत असेल तर ती तुलाच मारतेय, असे काहीसे पुटपुटून तिने पाय पोटाशी घेतले.

तिच्या कटकटीला कंटाळून इद्दर एकदा बिहि मिस्त्रीकडे गेला खरा. बिहिचे दुकान तळासमोरच होते, मध्ये फक्त पावसाच्या पाण्याचे दगडी गटार. पण तो गेला कसा? सहा उतारू भरून. बिहिने चहाचा पेला बाजूला ठेवून विचारले, यांना जरा उतरवतोस का? इद्दर म्हणाला, उतरले की गेले, मागे हम्मादची गाडी टपून बसली आहे. बिहिने खांदे उडवले. जमिनीवर टेकलेले, सहा माणसांच्या वजनाखाली दबलेले चाक त्याने वरून-खालून धरून हलवले. ते कसे हलेल? बिहि म्हणाला, खडकासारखे आहे. इद्दरने मावशीला विजयी मुद्रेने तसे कळवले. मित्रांनो, डोक्यावर पाण्याच्या दोन घागरी घेतलेल्या माणसाला 'तुझी मान दुखते का, जरा हलवून दाखव' असे कोणी म्हणेल का? मला म्हणाले.

मधल्या काळात मी किती झिजलो होतो, ते मलाच माहीत. माझा गोळा आता वाटीच्या तोंडातून जेमतेम अडकून होता. भरल्या गाडीतही केर्दूसच्या एखाद्या आखूड वळणावर, आतल्या बाजूला खड्डा आला की चाक क्षणभर लोंबकळते. त्या क्षणी गोळा बाहेर आला तर चाक आडवे पडते, आणि स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी ऐकत नाही. घाटाला काही ठिकाणी कठडा आहे आणि काही ठिकाणी नुसती बदामाची झाडे, तीही खूप खाली. मग एका बाजाराच्या दिवशी अशाच वळणावर स्टिअरिंगने इद्दरच्या हातांना असा हिसका दिला की त्याचे बोलणे अर्ध्यावर तुटले. मावशीने ते हात पाहिले.

पुढच्या बाजाराला ती तेलाचे डबे घेऊन तळावर आली, तेव्हा मागच्या चारही जागा भरल्या होत्या. खिडकीशी इद्दरची मुलगी तुदा बसली होती. तिचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपणासाठी ती तिझ्नितला नणंदेकडे निघाली होती, कारण मोठा दवाखाना तिथे. इद्दरने तिच्या पाठीशी उशी ठेवली होती आणि मांडीवर जवाच्या भाकरीचे गाठोडे दिले होते. तो दुष्ट माणूस नव्हता. भरली गाडी चांगली असते, यावर त्याचा मनापासून विश्वास होता. तेवढ्या विश्वासावर तो आपली लेक घाटात घालायला निघाला होता. आणि बाकीचे तिघे मनात म्हणत होते, बाप आपल्या लेकीला बसवतो म्हणजे गाडी ठणठणीत असणार.

फक्त मावशीच्या दोन जागा रिकाम्या होत्या. इद्दरने दार उघडून धरले. मावशी बसली नाही.

"आधी पोरीला उतरव."

"मावशी, ती माझी पोरगी आहे."

"म्हणून तर सांगतेय. सगळ्यांना उतरव आणि रिकामी गाडी बिहिकडे ने."

"रिकामी नेली तर ती कुरकुरणारच. सगळ्या तळाला ठाऊक आहे."

"मग भरल्यावर गप्प का बसते, ते ठाऊक आहे का तळाला?"

हम्मादने लगेच हाक मारली, या, इकडे या, माझी गाडी भुकेली नाही. इद्दरचा चेहरा लाल झाला. मावशीशिवाय गाडी भरणार नव्हती आणि भरल्याशिवाय सुटणार नव्हती. तो काही बोलणार एवढ्यात मागचे दार उघडले. तुदा पोट सांभाळत खाली उतरली.

"बाबा, दाखवून आणा ना एकदा. मला कुठे घाई आहे?"

तिच्यामागून बाकीचे तिघे कुरकुरत उतरले. इद्दरने दार आपटले आणि रागाने गाडी चालू केली. आयुष्यात पहिल्यांदाच तो मला एकटा, बिनओझ्याचा घेऊन मिस्त्रीकडे निघाला होता. सावकाश गेला असता तर मी कदाचित दुकानापर्यंत टिकलो असतो. पण त्याला मावशीला दाखवून द्यायचे होते. गटाराच्या दगडी कडेवरून उजवे चाक धप्पकन खाली गेले, क्षणभर अधांतरी लोंबकळले, आणि मी वाटीतून निसटलो.

आवाज फार मोठा झाला नाही. चाक बाहेरच्या बाजूला आडवे पडले आणि लल्ला उंटासारखी एका गुडघ्यावर बसली. इद्दर उतरून पुढे आला आणि त्या वाकड्या चाकाकडे बघत राहिला.

"कालपर्यंत घाट उतरत होती," तो हळूच म्हणाला. "आवाजसुद्धा नव्हता."

मावशीने तेलाचा एक डबा पुढे सरकवून तुदाला त्यावर बसवले. तुदा दोन्ही हात पोटावर ठेवून घाटाच्या रस्त्याकडे पाहत होती.

बिहिने मला काढून फेकले आणि माझ्या जागी नवा बसवला. मी दुकानाच्या कोपऱ्यातून पाहत होतो. दुपार झाली होती. इद्दरने हात धुतले, गाडी तळावर आणली आणि "तिझ्नित, तिझ्नित" अशी हाळी दिली. त्या चौघांपैकी एकही हम्मादकडे गेला नव्हता. तुदाने एक पाय गाडीत ठेवला. मावशीने विचारले, आणि डावीकडचा?

"डावी बाजू गप्प आहे, मावशी," इद्दर म्हणाला.

म्हणाला आणि मग बहुधा ते त्याच्याच कानावर पडले. तुदाने गाडीत ठेवलेला पाय हळूच बाहेर काढला. तिच्यामागे उभे असलेले तिघे एक पाऊल मागे सरकले.

इद्दरने गाडी बिहिकडे नेली नाही. फक्त त्याचा जॅक मागून आणला. जमिनीवर गुडघे टेकून त्याने स्वतः चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याखाली जॅक लावला आणि डावे चाक अधांतरी उचलले. मग वर एक हात, खाली एक हात धरून त्याने चाक हलवले. खट्. पुन्हा हलवले. खट्. माझ्या भावाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडले होते; त्याच्या डोक्यावर इद्दर कायम बसलेला असे. इद्दर बराच वेळ ते चाक दोन्ही हातांत धरून बसला. तुदा त्या दिवशी तिझ्नितला गेली, पण संध्याकाळ होता होता, दोन्ही बाजू नव्या झाल्यावर.

आता आम्ही दोघे भाऊ बिहिच्या भंगारात शेजारी शेजारी पडलो आहोत. मला माझ्या झिजण्याचे दुःख नाही. घासणारी वस्तू झिजणारच. वैताग येतो तो याचा, की तपासायला चाक उचलून हाताने हलवण्यापलीकडे काही लागत नव्हते, आणि तेवढ्यासाठी कोणी खाली उतरायला तयार नव्हते. मित्रांनो, ओझे वाहणाऱ्याला ओझ्याखाली उभा असताना 'बरा आहेस ना' असे विचारू नका. मग ते चाक असो, नाहीतर तुमच्या घरातले कोणी. तो गप्पच राहील आणि तुम्ही निश्चिंत होऊन घाटाला लागाल. आधी त्याचे ओझे उतरवा. मग विचारा, आणि उत्तर येईपर्यंत हात काढू नका.