एबी निगेटिव्हची बहीण

"दादा, तुमचं रगत आता माझ्या अंगात हाय. भाऊबीजेला मोडनिंबला या," एवढंच नागूबाईनं सुनेकडून लिहून पाठवलं होतं. सोमलिंगअण्णांनी त्या पत्राला उत्तर दिलं नाही, त्याला आता बरीच वर्षं झाली. उभा जन्म वाचनालयात गेलेला माणूस. पण स्वतःच्या चार ओळी काही जुळेनात. नागूबाईच्या ऑपरेशनला त्यांनी रक्त दिलं होतं. आता तिच्या दारात पाटावर जाऊन बसायचं म्हणजे मोबदला वसूल करायला आल्यासारखं दिसेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. लग्न केलेलं नाही, पाठची बहीण नाही. दर भाऊबीजेला ते इस्त्रीचा सदरा घालून बसत आणि दिवेलागणीला तो परत खुंटीला लावत.

रक्तपेढीचा फोन आला, की मात्र अण्णा भरल्या ताटावरून उठत. आपण कुणाला तरी हवे आहोत, एवढं त्यांना पुरे.

त्या दिवशी शिबिरात त्यांनी नेहमीसारखी बाही दुमडली, तर तंत्रज्ञ साक्षी मान हलवत म्हणाली, "अण्णा, पासष्ट पूर्ण झाली की. आता नाही घेता येत."

"तब्येत ठणठणीत आहे."

"आहे हो. पण नियम आहे. बसा, कॉफी घ्या."

"रक्त न देता कॉफी कशी घ्यायची?"

"मागच्याची घ्या. लई शिल्लक आहे तुमची."

अण्णा कोपऱ्यात बसले. रांगेत सगळे ओ नाहीतर बी, मधेच एखादा ए. मग टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणारी रेश्मा आली, पहिल्यांदाच. गट तपासायचं औषध घालताच काचपट्टीवरच्या तिच्या रक्ताच्या तीन थेंबांपैकी दोहोंत दाणे धरले, तिसरा तसाच राहिला. अण्णांना ती खूण लांबूनही ओळखू आली.

"एबी निगेटिव्ह," साक्षी म्हणाली.

"म्हंजे आजार हाय का कसला?"

"नाही गं. शेकड्यात एखादा सापडला तर सापडतो. आपल्या अण्णांचा तोच गट."

रेश्मानं अण्णांना निरखून पाहिलं. "मग तुमी आमच्यातलेच झाला की, काका. मला कदी लागलं तर द्याल न्हवं?"

"आता माझं चालत नाही, बाई."

"मग नुसतं या की दिवाळीला. रगत न्हाय तर न्हाय."

अण्णांनी कॉफी अर्धीच टाकली. वाटेत पोस्टात शिरून त्यांनी कार्ड घेतलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं: 'ताई, भाऊबीजेला येतो. उशीर फार झाला. आता नुसताच येतो आहे. तुम्ही असाल ना?'

शेवटची ओळ खोडावी, असं त्यांना वाटलं. पण त्यांनी ती तशीच राहू दिली.

कार्ड पेटीत पडल्याचा आवाज आला. मग सकाळपासून दुमडलेली बाही त्यांनी खाली सोडली आणि बटण लावलं.