धूरघरातला मामा

धूरघराच्या पत्र्याच्या दाराला कान लावून उभी असलेली बाई पाहिली की नव्या मुलांना हसू यायचं. जुन्या मुलांना यायचं नाही. सरकारी अग्निशमन प्रशिक्षण केंद्रातली ती सगळ्यात जुनी शिक्षिका. दाराच्या पलीकडे कोण काय करतंय हे तिला नुसतं ऐकून कळायचं. आत धुराचं यंत्र चालू असे, दिवे बंद असत, आणि तोंडावर मुखवटा, पाठीवर हवेची टाकी घेतलेला प्रशिक्षणार्थी त्या अंधारात माणूस शोधत असे. माणूस म्हणजे कापडी पुतळा. वजनाने चांगला भरभक्कम. त्याला सगळे मामा म्हणत. "मामा सापडला का रे?" हा केंद्रातला नेहमीचा प्रश्न.

खरा शोधणारा आवाज करतो. एक हात भिंतीला लावायचा, उलट्या हाताने चाचपत जायचं, पायाने पुढची जमीन तपासायची, पलंगाखाली, दाराआड, कपाटामागे हात घालायचा. हे करताना तो धडपडतो, टाकी आपटते, मधूनच शिवी निघते. बाईंना ती शिवीसुद्धा आवडायची. तिला भीती वाटायची ती शांततेची. गेल्या काही परीक्षांत दोन मुलं अशी निघाली, की त्यांतलं कुणीही आत गेलं की चिडीचूप. आवाज नाही, धडपड नाही, आणि थोड्या वेळाने मामाला ओढत हजर.

त्यांतल्या एकाला सगळे मुंगूस म्हणत. बारीक, घुमा, कुणात न मिसळणारा मुलगा. दुसरा तिचा सख्खा भाचा.

आता माणसाचं मन कसं असतं बघा. भाचा चटकन बाहेर आला की ती स्वतःशीच म्हणायची, रक्तातच आहे आमच्या. मुंगूस तेवढ्याच वेळात बाहेर आला की तिच्या मनात पाल चुकचुकायची.

तसा संशय हा तिचा स्वभावच. मुलं तिला पाठीमागे शंकेश्वरी म्हणत, आणि ते तिला ठाऊकही होतं. पण तिच्या संशयाला कारण होतं. बंबावर नोकरी करत असताना एका आगीत तिचा एक सहकारी "खोली रिकामी" असं ओरडत बाहेर आला होता. हिला पटलं नाही. ही पुन्हा आत गेली, तर दाराआड एक म्हातारे गृहस्थ गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. ते वाचले. त्यानंतर मात्र कुणी "खोली रिकामी" म्हटलं की ती स्वतः आत जाऊन बघितल्याशिवाय राहायची नाही.

धूरघराच्या आतल्या भिंती लाकडी फळ्यांच्या होत्या. प्रत्येक परीक्षेला त्यांची मांडणी बदलायची. ही मांडणी माहीत असे फक्त दोघांना, बाईंना आणि फळ्या हलवणाऱ्या सुतारकाकांना. आणि मुंगूस तर रोज दुपारी सुतारकाकांच्या खोलीपाशी घुटमळताना दिसायचा. एकदा तर दोघे मिळून चहा पिताना सापडले, आणि बाई दिसताच एकदम गप्प झाले. यात पाणी मुरतंय हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

ती मोठ्या साहेबांकडे गेली. केंद्राचे प्रमुख असलेले हे साहेब मवाळ होते, पण एका बाबतीत अगदी कडक.

"पुरावा आहे?" त्यांनी विचारलं.

"अंतिम परीक्षेत देते. रंगेहाथ पकडून देते."

"बघा हं. मांडणी फोडलेली निघाली तर मी फेरपरीक्षा वगैरे काही देणार नाही. तो मुलगा केंद्रातून जाईल आणि पुन्हा कुठल्याच बंबावर चढणार नाही. मांडणी फोडणाऱ्याचीही गय नाही. मग तो कितीही जुना असो."

"नकोच गय," ती म्हणाली. सुतारकाकांचं तिला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी घरी ती जेवणाच्या टेबलावर कामाला बसली. तिला कागदावर आखून सुचत नसे. काड्यापेट्या उभ्या-आडव्या लावून ती भिंती करायची, बटणं ठेवून पलंग नि कपाटं करायची, आणि मामाच्या जागी एक खोडरबर. आग विझवायला शिकवणाऱ्या बाईच्या घरात काड्यापेट्यांचा हा ढीग बघून तिची बहीण पोट धरून हसायची. ही बहीण दूर राहायची. नवरा गेल्यापासून शिवणकाम करून तिने मुलाला वाढवलं होतं. केंद्रात प्रवेश मिळाला तेव्हा त्याचा हात हिच्या हातात देऊन ती म्हणाली होती, "तुझ्यासारखा कर याला." तेव्हापासून भाचा मावशीकडेच होता. घरात मावशी, मैदानावर मॅडम, हे त्याने इतकं छान सांभाळलं होतं की तिला त्याचं कौतुक वाटायचं.

आत्ताही तो ताटं घ्यायला आला आणि टेबलापाशी थांबला.

"मावशी, जेवायचं कधी? हे आवर की आता."

"थांब जरा. उद्या त्या मुंगसाची डाळ शिजू द्यायची नाहीये मला."

"सोड ना ग. असतो एखादा हुशार."

"हुशार असता तर आवाज झाला असता," ती म्हणाली. तो हसला, पण जरा उशिराने. तिने खोडरबर आतल्या खोलीत, पलंगापलीकडच्या कोपऱ्यात ठेवलं, मान हलवली, आणि मग दोघांनी मिळून टेबल आवरलं.

सकाळी सुतारकाकांनी तिच्या सांगण्याप्रमाणे फळ्या लावल्या, मामाला पलंगापलीकडे निजवलं आणि हत्यारं उचलून ते गेले. ते वळणाआड गेल्याबरोबर तिने आपल्या सहायकाला हाक मारली. मैदानावर सारखी शिट्टी फुंकत फिरणारा म्हणून मुलं त्याला शिट्टीमास्तर म्हणत.

"मामाला उचला आणि भांडारात नेऊन ठेवा."

"मग मुलं शोधणार कुणाला?"

"मला."

शिट्टीमास्तरांच्या तोंडातली शिट्टी गळ्यात पडली. पण तिने मुखवटा चढवलासुद्धा होता. भिंती तशाच ठेवायच्या, फक्त मामाची जागा बदलायची. फोडलेल्या माहितीवर भरवसा ठेवणारा थेट पलंगाकडे जाईल, शोधणारा सगळीकडे जाईल. ती स्वतः आतल्या खोलीच्या दाराआड जाऊन आडवी झाली. लोक नेमके तिथेच बघायचे विसरतात, हे तिला त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी शिकवलं होतं. ज्याची परीक्षा होईल त्याला मागच्या दाराने बाहेर सोडायचं आणि बाकीच्यांना भेटू द्यायचं नाही, असं ठरलं. खऱ्या आगीत जोडीने जातात, पण परीक्षेत एकेकट्यानेच जायचं होतं.

धूर भरला. काळोख झाला. पहिला मुलगा आला तो गोठ्यातून सुटलेल्या रेड्यासारखा, सगळीकडे धडका देत. त्याला ती सापडली. त्याने खांद्याचा पट्टा धरताच तिने "पुरे, सापडले" अशा अर्थी त्याच्या हातावर दोनदा थोपटलं, आणि तो असा किंचाळला की मामा जिवंत झाला असंच त्याला वाटलं असावं. दुसऱ्याला ती सापडली नाही, पण बिचाऱ्याने कपाट आणि पलंग इमानेइतबारे तपासले होते. आणखी काही आले, गेले. जमिनीवर पडून पडून तिची कंबर धरली.

मग पुन्हा दार वाजलं, आणि पाठोपाठ शांतता.

ती सावध झाली. पावलं भरभर येत होती. भिंतीवर हात घासल्याचा आवाज नाही, जमिनीवर पायाची चाचपणी नाही. पहिल्या खोलीत पावलं थांबलीसुद्धा नाहीत. घरातल्या घरात पाणी प्यायला उठावं तसा तो माणूस चालत आला, अचूक वळला आणि आतल्या खोलीत शिरला. तिला इतका आनंद झाला की मुखवट्यात हसू मावेना. ये रे मुंगसा, ये.

तो थेट पलंगापलीकडच्या कोपऱ्यात गेला. तिथे हात फिरवल्याचा आवाज आला. पुन्हा फिरवला. मग काहीच नाही. तो गोंधळून उभा होता. आता तरी शोधेल, तिला वाटलं. आता तरी भिंतीला हात लावेल, दारापर्यंत येईल. तो दारापर्यंत आलाच, पण परत जायला. त्याचा बूट तिच्या बुटाला घासून गेला. तो तिथे क्षणभर अडखळला. आणि मग त्याने बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात हाक दिली.

"खोली रिकामी!"

मुखवट्यातून आवाज बदलतो म्हणतात. बदलतो खरा, पण सकाळी "मावशी, चहा झालाय" असं म्हणणारा आवाज किती बदलणार?

पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर ती जमिनीवरच पडलेली होती. टेबल, काड्यापेट्या, खोडरबर, ताटं घ्यायला येऊन थांबलेला तो. प्रत्येक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो ताटं घ्यायला यायचा. तिने सुतारकाकांवर पाळत ठेवली होती, मुंगसावर ठेवली होती, सगळ्या जगावर ठेवली होती. आणि मांडणी फुटत होती तिच्याच टेबलावरून. तिला ओरडावंसं वाटलं. लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, आणि तो कुणावर काढावा तेच तिला कळेना.

एवढ्यात तिच्या खांद्याला काहीतरी लागलं. दार वाजलेलंही तिने ऐकलं नव्हतं. उलटा हात खांद्यावरून गळ्याशी गेला, मुखवट्यावर आला, हवा चालू आहे ना हे बघून खाली सरकला. तिने हातावर थोपटलं, पण हा गडी थांबेना. त्याने पट्टे धरले आणि तिला फरफटत थेट उजेडात आणलं. मुखवटा काढला तेव्हा मुंगूस पांढराफटक पडला होता.

"मॅडम, तुम्ही! लागलं का कुठे?"

"तुझा आवाज का येत नाही रे?" तिने जमिनीवरूनच विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "मला अंधाराची भीती वाटते. कुणाला सांगू नका. सुतारकाका दुपारी रिकामं धूरघर उघडून देतात, मग मी डोळे बांधून फिरतो. आपटलो की ते ओरडतात, माझ्या फळ्या मोडशील म्हणून. मग हळूहळू न आपटता चालता यायला लागलं."

"मी तुला चोर समजत होते," ती म्हणाली. "चुकले मी."

त्याने तिच्या पाठीवरची धूळ झटकली.

दुपारी भाचा तिच्या खोलीत आला तेव्हा ती निकाल भरायचं थांबवून बसली होती. शिट्टीमास्तरांच्या लेखी तो फक्त "मामा न सापडलेला" होता. असे तिघेचौघे होते, आणि त्या सगळ्यांची पुढच्या आठवड्यात फेरपरीक्षा व्हायची होती. तो आत कसा चालला हे ऐकलं होतं फक्त तिने. ती गप्प बसली तर तो पुढच्या आठवड्यात पास होणार, बंबावर जाणार, बहीण शिलाई मशिनवरून उठून देवापुढे साखर ठेवणार. ती बोलली तर यातलं काहीच होणार नाही.

"टेबलावर बघायचास ना?" तिने विचारलं.

त्याने आधी आढेवेढे घेतले, मग मान खाली घातली. "तूच मांडायचीस समोर. डोळे थोडेच मिटणार होतो? पहिल्यांदा नुसतं दिसलं. मग सवय लागली."

"आणि बूट लागला तेव्हा? थांबला होतास तू."

"वाटलं, फळीबिळी असेल. मामा तिथे नसणारच होता ना." तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "मावशी, एकदा सांभाळून घे. आईला कळलं तर ती हाय खाईल. फेरपरीक्षेला खरंच शोधीन, तुझी शपथ."

ती विरघळली. चूक आपलीही आहे, पोर लहान आहे, पुढच्या वेळी टेबलावर काही मांडायचं नाही, झालं. त्याच्या नावापुढे 'फेरपरीक्षा' लिहायला तिने पेनाचं टोपण काढलं. मायेने त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "अरे, मी होते रे तिथे. तुझ्या पायाशी."

त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तो पुढे वाकून तिचा हात धरून म्हणाला, "मला काय माहीत? तू आत आहेस हे कळलं असतं, तर सोडून आलो असतो का मी? सगळ्या भिंती उचकटल्या असत्या!"

तो अगदी मनापासून बोलत होता. ते तिला दिसत होतं, आणि म्हणूनच तिच्या हातातलं पेन थांबलं. याच्या बंबाला कुणाकुणाच्या घरी जावं लागेल, आणि त्यांतल्या किती घरांत याची मावशी असेल?

तिने हात सोडवून घेतला आणि पेनाला टोपण लावलं.

"कुठे निघालीस?"

"मोठ्या साहेबांकडे. तुझं सांगायला, आणि माझंही. मांडणी माझ्या घरातून फुटली."

"अग, तुझी नोकरी जाईल! आणि आईला काय सांगू मी?"

ती दारात थांबली.

"एवढंच सांग, की मी खोली रिकामी म्हणालो आणि आत मावशी होती. पुढचं तिला विचारावं लागणार नाही."

मग तिने गणवेश सारखा केला आणि जाऊन साहेबांच्या खोलीचं दार ठोठावलं.