गुळव्याच्या हातचे कढत पाणी

मी एक जुने तांब्याचे घंगाळ आहे. मित्रांनो, आता मी फार थकले आहे. एक कडी तुटली, बूड झिजले. शाहू महाराजांच्या राज्यात कोल्हापूरच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. तो मार अजून अंगात आहे.

कसबा बावड्याच्या जोतीरामाने मला आपल्या आईसाठी घेतले. जोतीराम गुळव्या. ओला हात कढत पाकात घालून गूळ तयार झाला की नाही ते सांगायचा. त्या हाताला गुऱ्हाळावर मोठा मान होता.

त्याची आई, धोंडुबाई, रोज माझ्यात दुखरे पाय सोडून बसे. पाय इतके बधिर झाले होते, की चप्पल निसटली तरी तिला कळत नसे. म्हणून सून शालूबाई कढत पाण्यात गार पाण्याचे विसण घाली आणि आधी स्वतःचे मनगट बुडवून पाही.

एकदा शालूबाई विहिरीवर गेली होती. जोतीरामाने हौसेने स्वतःच पाणी काढले. माझे काठ पोळत होते, पण घंगाळाला कोण विचारतो? त्याने हात बुडवला.

"कोमटच हाय की, आई."

"मला तर काय लागंनाच. अजून घाल."

त्याने घातले. दोघेही खरेच बोलत होते, हीच तर पंचाईत.

शालूबाई घागर घेऊन आली. "अवं, आत्तींचं पाय भाजलं की," म्हणत तिने पाय बाहेर काढले आणि घागरीतले गार पाणी त्यांवर कितीतरी वेळ हळूहळू ओतत राहिली. तरी फोड आलेच. जखम चिघळली. म्हातारी पुन्हा चालेल की नाही, याचा घोर घराला लागला. जोतीरामाने मला गोठ्यात टाकले. मला फार वाईट वाटले.

पुढे कधीतरी जखम भरली. धोंडुबाई म्हणाली, "जोत्या, घंगाळ आण."

"न्हाय आई. माझा हात मेलाय."

"मेला न्हाय, राबलाय. पाणी तूच वत. कढत का गार, ते शालू सांगंल."

मित्रांनो, बधिर पायाला ऊन-गार विचारू नका, घट्टे पडलेल्या हातालाही नको. ज्या कातडीला कळते, तिला विचारा. शेक देतानाही हेच ध्यानात ठेवा.

जोतीरामाने पाणी ओतले. शालूबाईने मनगट बुडवले आणि नकारार्थी मान हलवली. त्याने आणखी एक तांब्या गार पाणी घातले, आणि पुन्हा तिला विचारले.