जळालेली तार

सावे सरांच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं, की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ते निघायचं नाही. ब्याण्णव साली शिरलेलं खूळ तर भलतंच होतं. बोईसरजवळच्या एका तंत्रनिकेतनात ते ड्रॉइंग शिकवायचे. त्यांचा एक जुना विद्यार्थी कारखान्यातून काढला गेला आणि घरी बसला. नवं मशीन आलं तेव्हा तो साहेबाला म्हणाला होता, "आम्हाला हे शिकवलं नव्हतं." ते वाक्य सरांना फार झोंबलं. पोरगा आपला, म्हणजे नापास आपणच झालो, असं त्यांनी मनाला लावून घेतलं.

म्हणून त्यांनी शेवटच्या वर्षाला नवी परीक्षा लावली. प्रत्येकाने न येणारी एखादी गोष्ट स्वतःहून शिकायची आणि वर्गापुढे करून दाखवायची. निम्मे गुण कामाला, निम्मे चुकांना. काय बिघडलं ते वर्गापुढे ठेवायचं, त्यातून काय उमगलं ते सांगायचं. दोन्हीत पास, तरच पास.

प्राचार्य हसले. "चुकांना गुण? बरं, यंदा चालवा. पण एका जरी पोराची तक्रार आली, तर बंद."

पहिली परीक्षा जव्हारकडच्या डोंगरातून आलेल्या पारूची. ती पंपाच्या जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळायला शिकली होती. तिने बटण दाबलं, मोटर गरगर फिरली आणि वर्गाने बाकं बडवली.

"झकास," सर म्हणाले. "पहिल्यांदाच जमलं?"

"नाय सर. आधी दोनदा जळाली."

"ती जळालेली तार कुठे आहे?"

"फेकली. लाज वाटली."

"मग चुकांचे गुण शून्य. फेरपरीक्षा."

पारूचे डोळे भरले, पण तिने मान काही खाली घातली नाही. "आमी शिकतो, सर. तुमी काय शिकताय?"

सरांचा पारा चढला, मग उतरला. पोरीचं म्हणणं रास्त होतं. "कॉम्प्युटरवर ड्रॉइंग," ते म्हणाले. "महिन्याभरात दाखवतो. गुण तुम्ही द्या."

कॉलेजात एकुलता एक कॉम्प्युटर होता. त्याच्या खोलीत देवघरासारखं चपला काढून जायचं. वीस वर्षं पेन्सिलीवर हुकमत गाजवलेला सरांचा हात त्या माउसवर पार आंधळा झाला. रेघ इकडे ओढावी तर ती तिकडे पळे. वर्तुळाचं अंडं होई. कॉलेज सुटल्यावर सर रोज तिथे ठाण मांडून बसत आणि छापून निघालेले बिघडलेले कागद शिपायाच्या नजरेस पडायच्या आत फाडून टाकत. सावे सरांचा हात अख्ख्या तालुक्यात वाखाणलेला, आणि ही अंडी लोकांनी बघायची?

ठरलेल्या दिवशी त्यांनी फळ्यावर कागद लावला. पंपाचं ड्रॉइंग, एकेक रेघ चोख. वर्गाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून प्राचार्यही दारात येऊन उभे राहिले.

पारू उठली. "सर, चुकलेले कागद कुटं हायेत?"

माझं चुकलंच नाही, असं म्हणायला सरांची जीभ वळवळली. म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण मग या पोरीला नापास करायला तोंड कुठून आणायचं? परीक्षा तिथेच मेली असती.

"फाडले," ते म्हणाले.

"का?"

"लाज वाटली."

कोणी हसलं नाही. सरांनी खडू घेतला. फळ्याच्या कोपऱ्यात 'फेरपरीक्षा' या शब्दाखाली पारूचं नाव होतं. त्याच्या खाली त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सावे'. अक्षर जराही गिचमिड होऊ दिलं नाही.

प्राचार्य आत आले. "शिक्षकच नापास! पुरे झाला हा तमाशा. पारू, तुझं वर्ष अडकतंय. तक्रार आहे ना तुझी? नुसतं हो म्हण."

सरांचं सगळं आता त्या पोरीच्या एका शब्दावर आलं होतं.

पारूने फळ्यावरच्या दोन नावांकडे पाहिलं. "तक्रार नाय, सर," ती प्राचार्यांना म्हणाली. "फेरपरीक्षा कदी हाय तेवढं सांगा. आमी दोघं बसतो."