मागच्या चाकातली हवा

मोटारसायकलच्या साखळीच्या झाकणावर हवेचं कोष्टक चिकटवलेलं होतं: मागच्या चाकात एकट्याला एकोणतीस, दोघांना तेहतीस. निरीक्षकसाहेबांसाठी ती काळ्या दगडावरची रेघ होती. वजनमापे खात्यात तीस वर्षं त्यांनी डोळ्यांत तेल घालून दुकानदारांचे काटे तपासले होते, आणि छापील आकडा बदलायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यामुळे दर सोमवारी सकाळी टायर थंड असताना ते गेज लावत, हवा बरोबर तेहतीस करत आणि बायकोला मागे बसवून इस्पितळात नेत.

बाईंना खड्डे सोसेनासे झाले होते. गेल्या तीन सोमवारी प्रत्येक गतिरोधकावर त्या कण्हल्या. साहेबांनी खापर फोडलं शॉकअॅब्सॉर्बरवर आणि या सोमवारी वाटेत टायरवाल्याकडे गाडी लावली.

टायरवाल्याने सीट दाबून पाहिली. शॉकअॅब्सॉर्बर ठणठणीत होते. मग तो म्हणाला, "दोघं बसा बघू, दादा."

दोघं बसली. त्याने उकिडवं बसून मागचा टायर जमिनीला टेकतो तिथे निरखून पाहिलं.

"दबतच नाहीये. ताईंचं वजन किती?"

"अठ्ठावन्न," साहेब म्हणाले. विचारल्याबरोबर हाच आकडा त्यांच्या तोंडून निघत असे.

टायरवाल्याने एकदा बाईंच्या मनगटाकडे पाहिलं. "टायर तसं म्हणत नाही. कोष्टकातली दोन माणसं म्हणजे धडधाकट दोन. बत्तीस करतो, धक्के कमी बसतील."

"एकतीसच करा," बाई म्हणाल्या. "मी अर्धीच धरा."

टायरवाला हसला नाही. साहेबांना तर कुणीतरी कानशिलात लगावल्यासारखं झालं. हवा फुसफुसत बाहेर पडली आणि ते गेजच्या काट्याकडे बघत राहिले, कारण बायकोकडे बघायचं धाडस त्यांच्यात नव्हतं.

तो अठ्ठावन्न आकडा आजारपणाआधीचा होता. इस्पितळात औषधाचा डोस वजनावर ठरत असे. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, वजन फार घसरलं तर डोस कमी करू, प्रसंगी उपचार थांबवू. उपचार थांबले म्हणजे सगळं संपलं, असं साहेबांच्या मनाने घेतलं. म्हणून सिस्टर फॉर्म भरताना वजन विचारायची तेव्हा ते अठ्ठावन्न सांगून मोकळे होत. इस्पितळातून परतल्यावर बाई चार-चार दिवस पाण्याचा घोटही पोटात ठेवू शकत नसत. आजारच तसा आहे, अशी साहेब स्वतःची समजूत घालत.

पुढचे गतिरोधक आले. बाई एकदाही कण्हल्या नाहीत. साहेबांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना मात्र इस्पितळातला डोस आठवला: तोही अठ्ठावन्नचाच होता.

इस्पितळात सिस्टरने मान वर न करता विचारलं, "वजन तेच ना?"

"नाही," साहेब म्हणाले. "काट्यावर घ्या."

आधी त्यांनी स्वतः वाकून काटा शून्यावर आहे का ते पाहिलं. तो तंतोतंत शून्यावर होता. बाई चपला काढून चढल्या. काटा सत्तेचाळीसवर थांबला.

सिस्टरने मागची पानं उलटली. "मग गेल्या तीन वेळा अठ्ठावन्न कसं?"

"मी खोटं सांगितलं."

असं खोटं पकडून त्यांनी कित्येकांची दुकानं बंद पाडली होती. सिस्टर डॉक्टरांना विचारायला आत गेली. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"मला ठाऊक होतं," बाई मागून म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी तुम्ही अठ्ठावन्न सांगताना ऐकलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आकडा सांगितलात की रात्री शांत झोपायचात. म्हटलं, तेवढी ओकारी सोसू."

साहेबांनी खाली बसून तिच्या पायात चपला घातल्या.