गाडी उभी करायची जागा

अकोल्याला शेक घेणाऱ्या माणसाला आधी मुक्कामाची जागा पाहावी लागते. शेक म्हणजे कॅन्सरवर किरणं घ्यायला मशिनीखाली दोन-चार मिनिटं निजायचं, एवढंच. पण ते रोज. रविवार सोडला तर रोज, सहा-सात आठवडे. आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. तिथून रोजचं जाणं-येणं आजारी माणसाला झेपत नाही. धर्मशाळेत नंबर लागत नाही आणि खोली परवडत नाही. म्हणून माझी बायको सुभद्रा हिचे शेक चालू होते तेव्हा आम्ही दोघं माझ्या मॅटाडोरमध्येच राहिलो.

मॅटाडोर मी कापसाच्या आणि संत्र्याच्या भाड्यासाठी घेतली होती. त्या वर्षांत कापसाची खरेदी थंडावली, जिनिंगा एकेक करून बंद पडल्या आणि गाडी दाराशी उभी राहू लागली. मग मी मागच्या हौद्यात फळ्यांची बाज ठोकली, ताडपत्री पक्की केली, पाण्याचा ड्रम आणि स्टोव्ह बसवला, एका बाजूला पडदा लावला. झालं घर.

जागा कशी पाहायची ते आम्हाला राहूनच कळलं. दवाखाना जवळ पाहिजे, पण त्याहून महत्त्वाचा रस्ता. शेक घेऊन आलेल्या माणसाला खड्डा सोसत नाही. सावली पाहिजे ती दुपारनंतरची, सकाळची सावली काही कामाची नाही. पाणी पाहिजे. बाईमाणसाला आडोसा पाहिजे. आणि धन्याची परवानगी पाहिजे, नाहीतर रात्री कोणीतरी पत्रा वाजवून उठवतं.

सुभद्रा गेली ती त्याच मॅटाडोरमध्ये, त्याच फळ्यांवर. बार्शिटाकळी रोडवर अय्युबभाईंचं बारदान्याचं आवार आहे, जुनी पोती विकत घेऊन, शिवून परत विकतात, तिथं आमचा मुक्काम होता. मी चौकात दूध आणायला गेलो होतो. परत आलो तर अय्युबभाईंची बायको रईसाबाई हौद्यात सुभद्राच्या उशाशी बसली होती. हात तिच्या कपाळावर. "पानी पिली, भाऊ," एवढंच ती म्हणाली. मी सुभद्राला त्याच गाडीतून गावी आणलं. लोक धरून चालले की दवाखान्यात गेली. मी काही सांगितलं नाही.

आमच्याकडे ज्या बाजेवर माणूस जातं ती बाज घरात ठेवत नाहीत. मी ठेवली. मी त्या फळ्यांवरच झोपत होतो. घरात मला झोप येत नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या गावचा नत्थुजी आला. त्याची बायको माणिकबाई हिला अमरावतीच्या डॉक्टरांनी अकोल्याला शेक घ्यायला सांगितलं होतं. सोमवारी सुरू होणार होते.

"तुही गाडी पायजे, देवमन," तो म्हणाला. "अन् तूही पायजे. मले तर बैलगाडीही धड हाकता येत नाई."

"जागा मी दाखवतो," मी म्हणालो.

"मंग झालं."

रविवारी आम्ही तिघं निघालो. माणिकबाईंना मी म्हणालो, मागं बाजेवर निजून चला, आराम पडेल. त्या म्हणाल्या, नाही, मला वारं लागतं. पुढं आमच्या दोघांच्या मध्ये अंग चोरून बसल्या. गिअरचा दांडा त्यांच्या गुडघ्याला लागत होता तरी मागं गेल्या नाहीत.

मी मनात तीन जागा धरल्या होत्या. अय्युबभाईंचं आवार त्यात नव्हतं. तिथून सुभद्राला गावी आणल्यापासून मी तिथं गेलो नव्हतो आणि जाणार नव्हतो.

पहिली जागा मूर्तिजापूर रोडवरच्या बंद जिनिंगचं आवार. मोठं फाटक, आत नळ, संडास, कडुलिंबाची रांग. तिथला चौकीदार मला ओळखत होता. त्यानं फाटक उघडलं आणि म्हणाला, "या, या. कापूस तर येत नाई, तुमी तरी या."

माणिकबाई खाली उतरल्या. रिकाम्या शेडकडे पाहत उभ्या राहिल्या.

"भकास वाटते," त्या म्हणाल्या.

"अवं, तुले इथं निजाचं हाये, जिनिंग चालवाचं नाई," नत्थुजी म्हणाला.

"मले भेव लागते."

चौकीदार म्हणाला, "बाई, मी असतो ना इथं."

"तुमचंच भेव लागत असन," नत्थुजी म्हणाला. चौकीदार हसला, पण माणिकबाई हसल्या नाहीत. मी गाडी वळवली.

दुसरी जागा पातूर रोडवर, महादेवाच्या देवळामागं चिंच आहे तिथं. सावली एकदम बरोबर दुपारनंतरची. पुजाऱ्याच्या घरी हातपंप. देवळात बायकांचं येणं-जाणं, म्हणजे भेवाचं कारण नाही. मी मुद्दाम तसं सांगितलं.

माणिकबाईंनी देवाला हात जोडले. चिंचेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चिचेखाली निजू नाई म्हणतात."

"चिच तर गाडीच्या टपावर राहीन," नत्थुजी म्हणाला. "तू टपाखाली."

"तुमाले समजत नाई."

"मले काहून समजन? मी तर गधा हावो."

पुजाऱ्याच्या बायकोनं चहा दिला. तो आम्ही जमिनीवर बसून घेतला. मी हौद्याचं फाळकं खाली पाडून म्हणालो, वहिनी, इथं बसा, जमीन गार आहे. त्या म्हणाल्या, बरी आहे मी. तरीही माझ्या लक्षात आलं नाही. मी सावलीचा आणि पाण्याचा विचार करत होतो.

तिसरी जागा अकोट रोडवर एका मास्तरांचं शेत. विहीर, शेतात घर, घरात मास्तरांची सून, तिला लहान लेकरू. याहून चांगली जागा मिळणार नव्हती. मास्तर स्वतः बांधावर आले. गाडी कुठं लावायची ती जागाही त्यांनी दाखवली. माणिकबाईंनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडाला लावलं आणि टाकून दिलं.

"मचूय हाये."

मी प्यालो. पाणी गोड होतं.

नत्थुजीचा तोल गेला. "राजवाडा पायजे काय तुले? देवमन आपलं काम सोडून फिरून राहिला. दिवस बुडाले आला. उद्या नंबर हाये तुहा!"

"मले घरी घेऊन चाला," माणिकबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मी शेक नाई घेत."

"नाई घेत म्हंजे?"

"नाई घेत. जे होईन ते घरी होईन."

मास्तर आत निघून गेले. नत्थुजी बांधावर बसला आणि त्यानं डोक्यावरचा दुपट्टा काढून तोंडावर धरला. मला वाटलं होतं तो अजून चिडेल. तो रडत होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की आत्ता शेक घेतले तर बाई बरी होईल, दोन महिने थांबलात तर नाही. सुभद्राला आम्ही उशिरा आणलं होतं. ते नत्थुजीला ठाऊक होतं, आणि मलाही.

मी म्हणालो, "वहिनी, एक जागा अजून हाये. ती पाहा. नाई पटली तर मी स्वतः तुमाले घरी सोडतो."

बार्शिटाकळी रोडला वळताना मी गिअर चुकलो. नत्थुजीनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

आवारात अय्युबभाई पोती मोजून बांधत होते. त्यांनी गाडी ओळखली आणि गठ्ठा तसाच सोडून पुढं आले. माझा हात दोन्ही हातांत धरला. मग बाजूच्या पोत्यांच्या थप्प्या सरकवायला लागले, गाडी पहिल्यासारखी भिंतीला लागून उभी राहावी म्हणून. रईसाबाई ओट्यावर दाभण घेऊन पोतं शिवत होती. ती उठली.

"आओ, बाई. पैले बसा. पानी घ्या. लई दुरून आल्या."

माणिकबाई तिच्याजवळ ओट्यावर बसल्या. त्या दिवसात पहिल्यांदा कुठंतरी टेकून बसल्या. नत्थुजी अय्युबभाईंना थप्प्या सरकवू लागला. मी नळावर ड्रम भरत होतो. नळ ओट्याच्या कोपऱ्याशीच आहे. माझी पाठ त्यांच्याकडे होती.

थोडा वेळ दोघी पोत्यांबद्दल बोलल्या. एका दिवसात किती शिवून होतात, सुतळी कुठून आणता. मग माणिकबाईंनी आवाज बारीक केला.

"एक इचारू काय, बाई? खरं सांगजा."

"पूछो ना."

"हे भाऊ हायेत, यायची बायको. लोक दवाखान्यात म्हणतात, पण ते या गाडीतच गेली ना? त्या बाजेवर?"

मी नळ बंद केला नाही. सकाळपासून त्या बाई पुढं अंग चोरून का बसल्या, हौद्याला हात का लावला नाही, तीन चांगल्या जागांना नावं का ठेवली, सगळं मला एकदम कळलं. माझ्या तोंडावर त्यांना ते बोलवत नव्हतं. माझ्या दुःखाची त्यांना भीड होती. त्यापेक्षा शेक न घेणं त्यांना सोपं वाटलं.

मला रईसाबाईनं दाभण पोत्यातून ओढल्याचा आवाज आला.

"नाई," ती म्हणाली. "गाडीत नाई. इथं, माझ्या घरात. आतल्या खटियावर. रात्री लई तकलीफ झाली, तर मीच म्हटलं, अंदर आणा. मीच बसली होती उशाशी."

"खरंच?"

"मी कायले झूट बोलू? देवमनभाऊले पूछो."

माणिकबाई म्हणाल्या, "मंग ते खाट?"

"ते खाट काय? मीच निजते तिच्यावर. घर हाये ना, बाई. घरात माणसं जलमतात, मरतात. खाट फेकून जमिनीवर निजू काय या वयात? कमर बघा माझी." ती हसली. माणिकबाईही थोड्या हसल्या.

मग माणिकबाईंनी मला हाक मारली. "भाऊ."

मी वळलो. ड्रम भरून वाहत होता.

"तुमची मंडळी या बाईच्या घरात गेली काय?"

रईसाबाई माझ्याकडे पाहत नव्हती. ती दाभणात सुतळी ओवत होती.

"हाव," मी म्हणालो.

माणिकबाई उठल्या. गाडीपाशी गेल्या, फाळक्याला धरून वर चढल्या आणि हौद्यातूनच नत्थुजीला म्हणाल्या, "माही गोधडी द्या इकडं. अन् ते स्टोव्ह कसा पेटते ते भाऊले इचारा."

शेक सुरू झाले. सकाळी मी त्यांना दवाखान्यात न्यायचो, तासाभरात परत आणायचो. नत्थुजी तुरीच्या सवंगणीसाठी गावी जायचा, शनिवारी यायचा. दुपारी माणिकबाई रईसाबाईबरोबर पोती शिवायच्या. मी पुढं केबिनमध्ये झोपायचो. पाय लांब होत नव्हते, पण मला चाललं.

तिसऱ्या आठवड्यात खुशालराव आले. सुभद्राचे थोरले भाऊ, दर्यापूरकडचे. नत्थुजी गावात बोलला होता, ते त्यांच्यापर्यंत गेलं होतं. दुपारची वेळ होती. माणिकबाई हौद्यात पडल्या होत्या, पडदा उघडाच होता. खुशालरावांनी आवारात पाऊल टाकल्याबरोबर बोलायला सुरुवात केली.

"देवमन! माही बहीण दवाखान्यात गेली म्हणे. लोक सांगून राह्यले, लोकाच्या घरात गेली. बारदान्यात! खरं काय ते?"

"हळू बोला," मी म्हणालो.

"काहून हळू बोलू? तुह्या घरी बाज नव्हती? माह्या घरी नव्हती? परक्याच्या खाटेवर मेली ते!"

मला सांगता आलं असतं. ती परक्याच्या खाटेवर गेली नाही, मी माझ्या हातानं ठोकलेल्या बाजेवर गेली, तिच्या स्वतःच्या गोधडीवर. ते ऐकून खुशालरावांचं मन शांत झालं असतं. पण माणिकबाई उठून बसल्या होत्या. एक हात त्यांनी फळीवर टेकला होता आणि माझ्याकडे पाहत होत्या. अजून निम्म्याहून जास्त शेक बाकी होते.

"खरं हाये," मी म्हणालो. "याइच्या घरात गेली."

खुशालरावांनी हात उगारला. अय्युबभाई मध्ये आले नाहीत, बाजूला उभे राहिले. मीही हललो नाही. खुशालरावांचा हात तसाच खाली आला.

"कोणती खाट?" ते म्हणाले. "दाखवा मले."

मला वाटलं, आता सगळं उघडं पडणार. पण रईसाबाई आत गेली आणि एकटीनं खाट ओढत बाहेर ओट्यावर घेऊन आली. साधी सुंभाची खाट. खुशालराव तिच्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी टोपी काढली आणि खाली बसले. सुंभावरून हात फिरवला. साठीचा माणूस, चारचौघात मोठ्यानं बोलणारा. त्यांना त्या खाटेजवळ बसलेलं पाहून मला तिथून निघून जावंसं वाटलं. मी गेलो नाही.

"तरास झाला काय लई?" त्यांनी रईसाबाईला विचारलं.

"नाई, दादा. पानी मांगितलं. मी पाजलं. पिली, अन् मग नाई."

"कोणाचं नाव घेतलं काय?"

"नाई. फक्त पानी."

हे सगळं खरं होतं. मीसुद्धा इतकं कधी विचारलं नव्हतं.

"डोक्सं कोणत्या बाजूले होतं?"

रईसाबाईनं खाटेचं एक टोक दाखवलं, भिंतीकडचं. खुशालराव सरकून तिथं बसले आणि त्या टोकाच्या लाकडाला त्यांनी कपाळ लावलं. मी भिंतीला लागून उभ्या असलेल्या मॅटाडोरकडे पाहिलं. सुभद्राचं डोकं तिच्यात त्याच बाजूला असायचं.

अय्युबभाईंनी तांब्याभर पाणी आणून खुशालरावांपुढं ठेवलं. ते प्याले.

"तुमच्या मंडळीचे भाऊ हायेत काय?" हौद्यातून माणिकबाईंनी विचारलं.

"हाव, थोरले," मी म्हणालो. "तुमी निजा."